लवकर आवरलं म्हणून उशीर झाला!

तुमची शाळा घरापासून किती लांब आहे? किलोमीटर नकोत, मिनिटं सांगा. कुणी म्हणेल दहा, कुणी म्हणेल वीस. आता दुसरा प्रश्न. वार्षिक परीक्षेच्या दिवशी घरातून किती आधी निघता? बघा, उत्तर बदललं! रोज वीस मिनिटांत शाळेत पोचणारी मुलगी त्या दिवशी पाऊण तास आधीच चपला घालून तयार असते. कारण आईचं सुरू असतं, "रेल्वेचं फाटक पडलं तर? रिक्षा मिळाली नाही तर? सायकल पंक्चर झाली तर?"

आईच्या या ‘तर?’चा नीट हिशोब मांडणं हे एक शास्त्रच आहे, आणि काही माणसं वर्षानुवर्षं त्याच्यावर डोकं चालवत आली आहेत. त्यांच्या हिशोबात सायकल नसते, कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम असतो. प्रश्न मात्र तोच: सगळं बिनसलं तरी हा प्रोग्रॅम पुरा व्हायला जास्तीत जास्त किती वेळ लागेल? या वेळेला ‘वर्स्ट केस एक्झिक्यूशन टाइम’ असं लांबलचक नाव आहे. आपण तिला कमाल वेळ म्हणूया.

मोबाइलवर खेळ जरा अडकला तर आपण वैतागतो आणि विसरतो. पण गाडीतल्या एअरबॅगचा विचार करा. गाडी जोरात कुठेतरी धडकली की आतल्या छोट्या कॉम्प्युटरला ठरवायचं असतं, हा रस्त्यातला खड्डा होता की खरोखरच अपघात? अपघात असेल तर ताबडतोब पिशवी फुगवायची. धडक बसल्यापासून पिशवी फुगून तयार होईपर्यंतचं सगळं काम एक दशांश सेकंदाच्याही आत उरकावं लागतं. तुमची पापणी एकदा लवायलाच १०० ते ४०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे हजारावे भाग, लागतात. म्हणजे पापणी मिटून उघडायच्या आत पिशवी समोर हवी.

आता सांगा, यातला कोणता कॉम्प्युटर निवडाल? एक जण बहुतेक वेळा २ मिलिसेकंदांत निर्णय देतो, पण कधीतरी त्याला २०० लागतात. दुसरा प्रत्येक वेळी ८ मिलिसेकंद घेतो, ना कमी ना जास्त. मी तर डोळे मिटून दुसरा निवडीन. तो पहिल्यापेक्षा सावकाश आहे, पण वेळेवर येणारा आहे. चपळ असणं वेगळं आणि वेळेवर असणं वेगळं. पुढची सगळी गोष्ट या फरकाची आहे.

वेळ पुरला नाही तर काय होतं, याचा एक प्रसंग चंद्राजवळ घडला होता. २० जुलै १९६९. नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन चंद्रावर उतरत होते आणि यानाच्या कॉम्प्युटरवर अचानक १२०२ हा धोक्याचा इशारा दिसू लागला. अर्थ असा, की ‘माझ्याकडे कामं फार झाली, सगळी वेळेत होणार नाहीत.’ एका रडारकडून निरर्थक खुणा येत होत्या आणि त्या मोजण्यातच कॉम्प्युटरचा बहुमोल वेळ खर्च होत होता. एकेक खूण मोजायला एका सेकंदाच्या एक लाखाव्या भागाहून थोडासाच जास्त वेळ लागायचा, पण अशा खुणा सेकंदाला हजारोंनी येत होत्या! सुदैवाने मार्गारेट हॅमिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोग्रॅम लिहिताना या संकटाचा विचार केलेला होता. कॉम्प्युटरने कमी महत्त्वाची कामं सोडून दिली, उतरण्याचं काम धरून ठेवलं, आणि यान सुखरूप उतरलं.

बरं, कमाल वेळ काढायची कशी? एके काळी हे अगदी बेरजेइतकं सोपं होतं. तुमच्या घरात किंवा शेजारी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेले काका किंवा मावशी असतील तर त्यांना ‘८०८५’ एवढंच म्हणून बघा. चेहरा खुलतो की नाही सांगा! इंटेलचा हा प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरमधली हिशोब करणारी चिप, १९७६ साली आला. त्याच्या आत सेकंदाला सुमारे ३० लाख वेळा टिकटिक व्हायची, आणि कोणत्या आज्ञेला किती टिक लागतात हे पुस्तकात छापलेलं असायचं. आतल्या आत एक आकडा इकडून तिकडे न्यायला ४ टिक, मेमरीतून आकडा आणायला १३ टिक. काका त्या टिकला ‘टी-स्टेट’ म्हणतील. प्रोग्रॅम समोर ठेवायचा, प्रत्येक ओळीपुढे टिक लिहायच्या, बेरीज करायची. झाला हिशोब.

मग हे सोपं गणित अवघड कुणी केलं? आपल्या घाईने. आजच्या प्रोसेसरमध्ये सेकंदाला ३०० कोटी टिक होऊ शकतात. हा आकडा मनात बसत नाही ना? मग प्रकाशाला विचारूया. प्रकाश एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातो. पण अशा एका टिकमध्ये तो जेमतेम १० सेंटिमीटर जातो, पेन्सिलच्या निम्म्या लांबीच्या जरा पुढे! ग्रेस हॉपर नावाच्या अमेरिकेच्या नौदलातल्या संगणकतज्ज्ञ होत्या. भाषणाला आल्या की त्या सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचे तारेचे तुकडे वाटायच्या आणि सांगायच्या, हा घ्या एक नॅनोसेकंद. एका सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात वीज याच्यापेक्षा जास्त लांब जाऊ शकत नाही.

प्रोसेसर असा वेगाने पळायला लागला, पण मेमरी मागे राहिली. मेमरीतून एक आकडा आणायचा तर साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. म्हणजे ३०० टिक प्रोसेसर हात बांधून बसणार! यावर इंजिनिअरांनी जो उपाय काढला तो तुमच्या स्वयंपाकघरात रोज दिसतो. मिसळणाचा डबा! फोडणी घालताना मोहरी, हळद, हिंग शोधत कुणी वाण्याच्या दुकानात जात नाही. नेहमी लागणारं सगळं हाताशी, छोट्या छोट्या वाट्यांत. प्रोसेसरलाही असाच एक चिमुकला डबा दिलेला असतो. त्याचं नाव कॅश मेमरी. मॉरिस विल्क्स या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये या कल्पनेवर एक छोटासा लेख लिहिला होता. आज तुमच्या घरातल्या फोनमध्येसुद्धा असा डबा आहे.

एक टिक म्हणजे एक सेकंद असं समजा. डब्यातून चिमूटभर हळद घ्यायला चार सेकंद लागतात. डब्यात नसेल तर कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाऊन यायला पाच मिनिटं. कढईत तेल तापलेलं आहे. आता मला सांगा, ‘भाजी फोडणीला टाकायला किती वेळ लागेल?’ या प्रश्नाचं उत्तर काय? ते भाजीच्या कृतीत लिहिलेलंच नाही! ते डब्यात आत्ता काय आहे त्यावर ठरतं. आणि डब्यात काय आहे हे काल कोणती भाजी झाली त्यावर ठरतं. तीच ओळ, तीच आज्ञा, पण कधी ४ टिक आणि कधी ३००.

आणि युक्ती काही ही एकच नाही. टपरीवरचा चहावाला बाबांना लांबून येताना बघूनच कमी साखरेचा चहा टाकतो. प्रोसेसरही असाच अंदाज बांधतो. पुढे ‘असं असेल तर हे कर, नसेल तर ते कर’ अशी ओळ आली, की उत्तर कळायच्या आधीच एका बाजूचं काम सुरू करून टाकतो. अंदाज बरोबर आला तर वेळ वाचला. चुकला तर केलेलं काम ओतून द्यायचं आणि नव्याने आधण ठेवायचं. शिवाय मेमरीतल्या कप्प्यांत वीज साठवलेली असते आणि ती हळूहळू गळत राहते. भोकं पडलेल्या कळशाच म्हणा ना! म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत एकेक रांग पुन्हा भरून घ्यावी लागते. नेमकं त्याच क्षणी कुणी पाणी मागायला आलं तर त्याने थांबायचं.

या सगळ्या युक्त्यांनी कॉम्प्युटर बहुतेक वेळा फार चपळ होतो. पण ‘बहुतेक वेळा’ हे उत्तर एअरबॅगला चालत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढा विचार कशाला? प्रोग्रॅम चालवून बघायचा, घड्याळ लावायचं, सगळ्यात जास्त वेळ लिहून ठेवायचा. छान. पण किती वेळा चालवणार? प्रोग्रॅममध्ये ‘असं की तसं’ अशी फक्त ३० वळणं आहेत असं धरा. एका वळणाला २ वाटा, दोन वळणांना ४, तीन वळणांना ८. दुप्पट करत जा. तिसाव्या वळणाला १०७ कोटी ३७ लाखांहून जास्त वाटा होतात! सेकंदाला एक वाट तपासली तरी ३४ वर्षं लागतील. आणि प्रत्येक वाटेवर ‘सुरुवातीला डब्यात काय होतं?’ हा प्रश्न आहेच.

आणखी एक भिंत आहे. ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने १९३६ मध्ये दाखवून दिलं, की कोणताही प्रोग्रॅम बघून तो कधी थांबेल की नाही हे अचूक सांगणारी एकच सरसकट रीत असूच शकत नाही. थांबेल की नाही हेच कळत नसेल तर किती वेळाने थांबेल हे कसं सांगणार? म्हणून विमान किंवा गाडीसाठी प्रोग्रॅम लिहिणारे स्वतःला एक शिस्त लावून घेतात. एखादं काम पुन्हा पुन्हा करायचं असेल तर ते जास्तीत जास्त किती वेळा, हे ठरलेलंच हवं. ‘संपेपर्यंत करत राहा’ असं मोघम लिहायचं नाही.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. जर्मनीत फ्रान्सच्या सीमेजवळ सारब्रुकेन नावाचं शहर आहे. तिथल्या विद्यापीठात राइनहार्ड विल्हेल्म आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ठरवलं, की प्रोग्रॅम एकदाही न चालवता त्याची कमाल वेळ काढायची! न चालवता? हो. ३४७ गुणिले ६८२ याचं उत्तर सम की विषम, हे गुणाकार न करता सांगता येतं ना? उत्तर माहीत नाही, पण उत्तराबद्दलची एक गोष्ट पक्की माहीत आहे. फ्रान्समधल्या पॅट्रिक कूझो आणि राधिया कूझो या जोडप्याने १९७७ मध्ये अशा ‘न करता पक्कं सांगण्या’चं गणितच मांडलं. सारब्रुकेनच्या मंडळींनी ते गणित मिसळणाच्या डब्याला लावलं.

कसं ते खेळूनच बघा. डबा गोल असतो, आपण खेळासाठी सरळ करू. एका रांगेत चार घरं आखा आणि मसाल्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या करा. नियम दोनच. जो मसाला आत्ता वापरला तो पहिल्या घरात येतो आणि बाकीचे एकेक घर मागे सरकतात. शेवटच्या घरातून मागे ढकलला गेलेला मसाला डब्याबाहेर जातो.

सुरुवातीला डब्यात काय आहे ते माहीत नाही. झाकण बंद आहे. कृती म्हणते: मोहरी घ्या, मग जिरं, मग हळद. झालं? आता झाकण न उघडता सांगा, डब्यात नक्की काय आहे? पहिल्या घरात हळद, दुसऱ्यात जिरं, तिसऱ्यात मोहरी. चौथ्या घराचं माहीत नाही, नसू दे. तीन गोष्टी तर पक्क्या कळल्या!

आता वळण येतं. पाहुणे आले असतील तर हिंग घ्या आणि मग तिखट. नसतील आले तर फक्त मीठ. पाहुणे आले का? आपल्याला माहीत नाही. मग दोन्ही वाटा चालून बघा. आले असतील तर रांग अशी: तिखट, हिंग, हळद, जिरं. मोहरी बाहेर पडली. आले नसतील तर: मीठ, हळद, जिरं, मोहरी. दोन्ही रांगांत असलेलं काय? हळद आणि जिरं. म्हणजे काहीही झालं तरी हळद आणि जिरं हाताशी आहेत, त्यांना चारच सेकंद लागणार. मोहरी? सांगता येत नाही. बघा, डबा न उघडता आणि पाहुणे न मोजता आपण पक्कं काहीतरी सांगितलं. हजारो वळणं असली तरी ही रीत थकत नाही. कारण प्रत्येक वळणानंतर दोन्ही वाटा एकत्र आणून आपण एकच रांग पुढे नेतो, १०७ कोटी रांगा नाही.

मोहरीचं काय करायचं? ‘सांगता येत नाही’ म्हणजे वाईटच धरून चाला, बाहेर आहे असं समजा. प्रत्येक पायरीवर वाईट धरलं की बेरीजही सगळ्यात वाईट येणार. खरं वाटतं ना? मलाही कित्येक वर्षं तसंच वाटायचं. आणि इथेच खरी गंमत आहे.

एका रविवारची सकाळ घ्या. आठ वाजलेत, पाहुणे यायचेत, मिक्सर एकच आहे. आजी डाळीचे वडे करणार आहेत, बाबा ढीगभर चटणी. नियम असा, की ज्याची तयारी आधी त्याला मिक्सर आधी. आजींची डाळ निथळून ८.०६ ला तयार होते. ती वाटायला ४ मिनिटं, आणि मग वडे तळायला २० मिनिटं. चटणी थोडी थोडी करून वाटायला १० मिनिटं लागतात, पण एकदा वाटली की काम संपलं.

आज नारळ फोडून खवायचा आहे. बाबांची तयारी ८.०८ ला होते. तोवर आजींनी मिक्सर घेतलेला आहे. ८.१० ला डाळ वाटून होते, मग बाबा चटणी वाटतात आणि तिकडे आजी वडे तळतात. ८.३० ला सगळं तयार.

पुढच्या रविवारी बाबांचं नशीब जोरावर! खवलेलं खोबरं फ्रीजमध्येच सापडलं. तयारी ८.०५ ला झाली, तीन मिनिटं वाचली. बाबा खुशीत मिक्सर घेतात, ८.१५ पर्यंत चटणी. आजी डाळ घेऊन उभ्या. ८.१५ ते ८.१९ डाळ, मग वीस मिनिटं तळण. वडे तयार व्हायला ८.३९! बाबांचं लवकर आवरलं, म्हणून घराला नऊ मिनिटं उशीर झाला. पुन्हा वाचून पाहा, हिशोबात कुठेही चूक नाही.

प्रोसेसरच्या आत अगदी असंच होऊ शकतं. १९९९ मध्ये स्वीडनच्या टॉमस लुंडक्विस्ट आणि पेर स्टेनस्ट्रॉम यांनी हे दाखवून दिलं. हवा तो आकडा डब्यात सापडला, म्हणून एक आज्ञा आधी तयार झाली, तिने आतलं एक यंत्र आधी अडवलं, आणि जिच्या मागे खूप कामं खोळंबली होती ती आज्ञा रांगेत उभी राहिली. म्हणजे ‘मोहरी नाही’ असं धरून चालणंसुद्धा धोक्याचं! तिच्या असण्याने जास्त उशीर होऊ शकतो. म्हणून जिथे ‘सांगता येत नाही’ आलं, तिथे असण्याची आणि नसण्याची अशा दोन्ही शक्यता पुढे चालवून बघाव्या लागतात.

बरं, उत्तर नुसतं बिनधोक असून भागत नाही. परीक्षेला आठ दिवस आधी घरातून निघा, असा सल्ला बिनधोकच आहे, पण त्याचा उपयोग काय? कमाल वेळ खऱ्या वेळेपेक्षा कधीही कमी नको, आणि उगीच फार जास्तही नको. सारब्रुकेनच्या मंडळींनी १९९८ मध्ये ‘ॲबसिंट’ नावाची कंपनी काढली आणि हे जमवणारं साधन बनवलं. ते कुठे वापरलं गेलं माहीत आहे? एअरबस ए३८० या दुमजली विमानात. २७ एप्रिल २००५ रोजी फ्रान्समधल्या तुलूझहून ते पहिल्यांदा उडालं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याचे पंख जवळजवळ ८० मीटर आहेत! वैमानिक दांडा हलवतो तेव्हा त्याच्या हाताची ताकद पंखांपर्यंत जात नाही. दांड्याची हालचाल आधी कॉम्प्युटर वाचतो, किती वळायचं ते ठरवतो आणि तारांमधून हुकूम सोडतो. दर काही मिलिसेकंदांनी हेच काम पुन्हा पहिल्यापासून, सबंध प्रवासभर. यातलं प्रत्येक काम त्याच्या ठरलेल्या वेळात बसतंच, हे विमान उडण्याआधी कागदावर सिद्ध करून दाखवावं लागतं, आणि त्यासाठी हे साधन वापरलं गेलं. आकाशात ए३८० दिसलं की मला आधी ती हळद-जिऱ्याची रांग आठवते.

आता एक नवं कोडं उभं आहे. आजच्या चिपमध्ये एक नाही, चार-आठ स्वयंपाकी असतात. त्यांना कोअर म्हणतात. प्रत्येकाचं काम वेगळं, पण छोट्या डब्यांमागचा मोठा डबा सगळ्यांचा मिळून एक, आणि मेमरीकडे जाणारी वाटही एकच. चाळीतल्या एका नळावर सगळ्यांनी एकदम घागरी घेऊन यावं तसं. माझ्या पाण्याला किती वेळ लागेल हे आता शेजाऱ्यांवरही ठरतं! काही ठिकाणी तर इंजिनिअर बाकीचे कोअर चक्क बंद ठेवतात, एकाच्या वेळेची खात्री देता यावी म्हणून. सगळे स्वयंपाकी एकदम कामाला लावून प्रत्येकाची बिनधोक आणि आटोपशीर कमाल वेळ कशी काढायची, यावर आजही काम चाललेलं आहे.

तुम्हीही करून बघा. तीच चार घरं, त्याच चिठ्ठ्या. मोहरी, जिरं, हळद घेऊन झाल्यावर मैत्रिणीला सांगा, तुझ्या मनातले मसाले डब्यात टाक, पण कोणते ते मला सांगू नकोस. आधी तिला एकच मसाला टाकू द्या, मग दोन, मग तीन. प्रत्येक वेळी झाकण न उघडता कागदावर लिहा: आता डब्यात नक्की काय उरलं?